साडेसात इंचांची पायरी

दहा फूट उंचीचा मजला चढायचा म्हणजे १२० इंच चढायचे. पायरी साडेसात इंच उंच ठेवली तर असे १६ चढ लागतात, सहा इंच ठेवली तर २०. पायरीची रुंदी दहा इंच धरली की चार जादा पायऱ्यांनी जिना ४० इंच लांबतो. मध्ये लँडिंग घेऊन तो दोन टप्प्यांत वळवला तरी एका टप्प्याला २० इंच जास्त लागतातच. हे २० इंच कुठून तरी काढावे लागतात, आणि बहुतेक वेळा ते हॉलमधून निघतात.

आर्किटेक्ट म्हणून स्वतंत्र काम सुरू केल्याला माझं तिसरं वर्ष होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं घर माझ्याकडे आलं. हॉल मोठा हवा, असं घरच्या कर्त्या मुलाने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी हॉल मोठा दिला आणि जिना साडेसात इंचांचा केला. वास्तुशांतीच्या दिवशी सगळे गच्ची बघायला वर निघाले. घरातल्या आजी पाचव्या पायरीवर कठड्याला धरून थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूहळू मागे फिरल्या. जुन्या घरात त्या रोज माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, जायच्या. तिथला दगडी जिना रुंद आणि बसका होता. कुरडया, सांडगे, पापड, भुईमुगाच्या शेंगा, निवडलेली ज्वारी, सगळं वाळवण त्यांच्या देखरेखीखाली वर चालायचं. नव्या घराची गच्ची जुन्या माळवदाच्या दुप्पट होती, आणि तिथे आजींनाच जाता येत नव्हतं.

जिना नियमात बसत होता. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या घरासाठी पायरीची उंची १९० मिलीमीटरपर्यंत चालते, आणि साडेसात इंच म्हणजे जवळपास तेवढेच. घरच्यांनी तक्रारही केली नाही. पण चूक माझीच होती. या घरात वर कोण जातं आणि कशासाठी, एवढं मी विचारलं नव्हतं. ते विचारलं असतं तर कागदावर खोडरबर फिरवून काम झालं असतं. स्लॅब पडल्यावर मात्र जिना फोडून नवा ओतण्याखेरीज काहीच करता येत नाही.

आराखडा काढण्याआधी हा प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर लिहून ठेवायचं आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या उत्तरावर घासून बघायचा, या पद्धतीला आमच्या व्यवसायात ‘व्हॅल्यू ड्रिव्हन डिझाइन’ म्हणतात. मी तिला मोलाला धरून केलेलं डिझाइन म्हणते. नाव जड वाटतं म्हणून अनेकांना ही मोठ्या कंपन्यांची गोष्ट वाटते. तसं नाही. दोन खोल्यांचं घर बांधणाऱ्यालाही ती तितकीच लागू आहे, उलट थोडी जास्तच, कारण त्याच्याकडे चूक दुरुस्त करायला पैसे नसतात.

किंमत आणि मोल

माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘मॅडम, स्क्वेअर फुटाला काय दर पडेल?’ प्रश्न चुकीचा नाही. पण दर कळला तरी घराबद्दल काहीच कळत नाही. दोन घरं एकाच दराने बांधली, दोन्हींत सिमेंट तेवढंच, सळई तेवढीच, फरशी त्याच दुकानातली. तरी एका घरात दुपारी दिवा लावावा लागतो आणि दुसऱ्यात लागत नाही. किमतीत दोन्ही सारखी असली तरी मोलात सारखी नाहीत.

हा फरक पद्धतशीर मांडण्याची सुरुवात बांधकामात झाली नाही, कारखान्यात झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीला कच्चा माल मिळेनासा झाला. लॉरेन्स माइल्स हा तिथला खरेदीचं काम बघणारा इंजिनिअर. एका प्रसंगाची हकिगत त्याच्या नावावर सांगितली जाते. रंगवलेले सुटे भाग साखळीला टांगून पुढे सरकायचे आणि त्यांच्यातून रंग ठिबकायचा. आगीचा धोका नको म्हणून खाली जमिनीवर ॲस्बेस्टॉस अंथरायचं असं ठरलेलं होतं, आणि ॲस्बेस्टॉस काही मिळेना. एका पुरवठादाराने साधा प्रश्न केला, तुम्हाला ते हवंय कशासाठी? कारण कळल्यावर त्याने न जळणारा कागद सुचवला. स्वस्त होता, बाजारात मिळतही होता. तरी आधी नकार आला, कारण आगीच्या नियमात ॲस्बेस्टॉसच लिहिलेलं होतं. कागदाची चाचणी घेऊन शेवटी नियम बदलावा लागला.

माइल्सने १९४७ मध्ये या विचाराची रीतसर पद्धत बांधली. वस्तूचं नाव बाजूला ठेवायचं आणि तिचं काम दोन शब्दांत सांगायचं, एक नाम आणि एक क्रियापद. खिडकीवर हे करून बघा. उजेड आण. वारा आण. पाऊस अडव. चोर अडव. रस्ता दाखव. एका खिडकीकडून आपण पाच कामं मागतो आणि ती सगळी एकाच चौकटीने करावीत असा कुठे नियम नाही. उजेड वरच्या झरोक्यातून येऊ शकतो, वारा जाळीतून. रस्ता दिसण्यासाठी बसल्यावर डोळे जिथे येतात तिथपर्यंत उघडी जागा पुरते. एवढं सुटं करून पाहिलं की पाच बाय चारची सरकती खिडकी हा एकच पर्याय उरत नाही.

माइल्सच्या हिशेबात मोल म्हणजे उपयोग भागिले खर्च. उपयोग तोच ठेवून खर्च कमी केला तर मोल वाढतं. खर्च तोच ठेवून उपयोग वाढवला तरी वाढतं. आणि खर्च थोडा वाढवून उपयोग पुष्कळ वाढवला तरीही वाढतं. या तिसऱ्या वाटेचा लोकांना विसर पडतो. माइल्सच्या या पद्धतीला पुढे ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’ म्हणू लागले. आज कुठल्याही मीटिंगमध्ये ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग करून घेऊ’ असं कोणी म्हटलं की सगळे समजतात, टेंडर बजेटच्या वर गेलंय, आता कात्री चालणार. मग खिडकीवरचा छज्जा जातो, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा एक थर जातो, पश्चिमेच्या भिंतीची जाडी नऊ इंचांवरून सहावर येते. कागदावर पैसे वाचतात. पुढची वीस वर्षं त्या भिंतीचं ऊन घरातली माणसं सोसतात आणि छज्जा नसलेल्या खिडकीतून पाऊस आत येत राहतो. याला मोल वाढवणं म्हणता येणार नाही. नाव माइल्सचं घेतलं जातं आणि काम त्याच्या विचाराच्या उलट होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी एस्टिमेट, मग प्लॅन

कात्री शेवटी का चालते? कारण कामाचा क्रमच तसा लावलेला असतो. मालक गरज सांगतो, आर्किटेक्ट प्लॅन काढतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर कॉलम-बीम बसवतो, मग एस्टिमेट निघतं आणि आकडा बघून सगळ्यांना घाम फुटतो. तोवर तीन-चार महिने गेलेले असतात, महापालिकेत फाइल दाखल झालेली असते. मूळ आराखड्याला हात लावायची कोणाची तयारी नसते, म्हणून वरवरचं कापलं जातं.

पॅट्रिक मॅक्लिमी या अमेरिकन आर्किटेक्टच्या नावाने आमच्याकडे एक आलेख ओळखला जातो. त्यातल्या दोन रेषा महत्त्वाच्या आहेत. आराखडा बदलून खर्चावर परिणाम घडवण्याची ताकद सुरुवातीला सर्वांत जास्त असते आणि दिवसागणिक उतरत जाते. बदल करायला येणारा खर्च सुरुवातीला नगण्य असतो आणि चढत जातो. दोन्ही रेषा एकमेकींना जिथे छेदतात त्याच्या डावीकडे विचार उरकायला हवा. आपली सवय मात्र उजवीकडे विचार करायची आहे.

क्रम उलटा करायची कल्पना जपानी मोटार उद्योगातली, विशेषतः टोयोटातली. गाडी तयार झाल्यावर किंमत काढायची नाही. गिऱ्हाईक किती देईल ते आधी ठरवायचं, त्यातून नफा वजा करायचा आणि उरलेल्या पैशात बसेल अशी गाडी डिझाइन करायची. बांधकामात हीच पद्धत ‘टार्गेट व्हॅल्यू डिझाइन’ या नावाने आली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट ओलाफ कॉलेजचं क्रीडागृह हे तिचं सुरुवातीचं उदाहरण मानलं जातं, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. पण पद्धतीचा खरा कस लागला कॅलिफोर्नियातल्या इस्पितळांमध्ये. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर तिथल्या कायद्याने इस्पितळांना भूकंपात तग धरणाऱ्या इमारती करण्याची मुदत घालून दिली. वेळ ठरलेला, पैसाही ठरलेला. सटर हेल्थ या संस्थेने कॅस्ट्रो व्हॅलीमधलं इस्पितळ बांधताना एकाच करारावर ११ पक्षांच्या सह्या घेतल्या: मालक, आर्किटेक्ट, मुख्य ठेकेदार, वेगवेगळे सल्लागार, प्लंबिंग आणि वायरिंगचे ठेकेदारसुद्धा. सुमारे ३२ कोटी डॉलरचं ते इस्पितळ २०१२ च्या अखेरीस सुरू झालं.

एकाच कराराचं महत्त्व समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. आपल्याकडे आर्किटेक्टची फी बहुतेक वेळा बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत असते. मी डोकं लढवून तुमचे पाच लाख वाचवले तर माझी फी कमी होते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने सळई जास्त घातली तर त्याला कोणी बोलत नाही, कमी घातली आणि तडा गेला तर मात्र त्याची मान अडकते. ठेकेदाराला एक्स्ट्रा आयटममध्ये चार पैसे सुटतात. सगळी माणसं प्रामाणिक असली तरी मालकाचं हित जपण्यात कोणाचाच फायदा नाही, अशी ही रचना आहे. अकरा जणांच्या करारात नफ्याचा वाटा सगळ्यांचा एकत्र पणाला लावलेला होता. एकाने जागा वाचवली तर लाभ सगळ्यांना, एकाने घोळ घातला तर तोटाही सगळ्यांना. मग वातानुकूलनवाला आपला हवेचा डक्ट बीमखालून न नेता बीममधल्या छिद्रातून न्यायला स्वतःहून तयार होतो, कारण मजल्याची उंची कमी झाली तर बाहेरची सगळी भिंतच कमी लागणार असते. ही माणसं एका मोठ्या खोलीत शेजारी शेजारी बसून काम करतात. त्या खोलीला ‘बिग रूम’ असंच म्हणतात.

पर्याय निवडण्याची त्यांची एक रीत मी माझ्या छोट्या कामांतही वापरते. ती अमेरिकेच्या वन विभागात काम केलेल्या जिम सूर यांची. आपण सहसा काय करतो? खर्चाला ४० गुण, टिकाऊपणाला ३०, दिसण्याला ३०, असे गुण आधी वाटतो आणि बेरीज करतो. सूर म्हणतात, असं हवेत गुण वाटू नका. समोरच्या पर्यायांत नेमका फरक काय आहे ते बघा आणि त्या फरकाचं महत्त्व ठरवा. मोरीसमोरच्या जागेला खडबडीत शहाबादी फरशी घालायची की गुळगुळीत टाइल? टिकाऊपणाचं महत्त्व किती, हा इथे फुकट प्रश्न आहे, कारण दोन्ही टिकतात. फरक आहे पाय घसरण्यात आणि पुसायला लागणाऱ्या वेळात. घरात सत्तरीचं माणूस असेल तर पहिला फरक मोठा. रोज बाहेर कामाला जाणारी एकटी बाई असेल तर कदाचित दुसरा. खर्च मात्र या सगळ्यात मिसळायचा नाही. तो बाजूला ठेवायचा आणि शेवटी विचारायचं: या फरकासाठी एवढे पैसे द्यायचे का?

अर्धं पण चांगलं घर

मोल कोणाच्या नजरेतून मोजायचं, हा प्रश्न इस्पितळात तसा सोपा असतो. गरिबांच्या घरांत तो फार टोकदार होतो. त्यासाठी मला चिलीमधल्या इकीके शहराचं उदाहरण सगळ्यांत जवळचं वाटतं.

शहराच्या मध्यभागी अर्ध्या हेक्टरवर सुमारे १०० कुटुंबं तीस वर्षं झोपड्यांत राहत होती. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत सरकारने तिथेच त्यांना घरं द्यायचं ठरवलं आणि काम तिथले आर्किटेक्ट अलेहांद्रो अरावेना यांच्या एलेमेंताल या गटाकडे आलं. एका कुटुंबामागे अनुदान सुमारे साडेसात हजार डॉलर. त्यातच जमीन घ्यायची, पाणी-गटार करायचं आणि घरही बांधायचं. मोक्याची जागा असल्याने जमिनीचा भाव अशा योजनांना परवडतो त्याच्या तिप्पट. सुटी घरं केली तर मोजकीच कुटुंबं मावत होती. उंच इमारत केली तर सगळे मावत, पण फ्लॅट वाढवता येत नाही, आणि तसलं काही सुचवलंत तर उपोषणाला बसू असं लोकांनी बजावलं होतं. शहराबाहेर स्वस्त जमीन होती. बहुतेक सरकारी योजना तिकडेच जातात. पण कामधंदा, शाळा, दवाखाना आणि तीस वर्षांचा शेजार, हे सगळं त्या मध्यवर्ती जागेशी बांधलेलं होतं. घराच्या आकारापेक्षा जागेचं मोल जास्त, हा पहिला निर्णय झाला.

मग जमिनीवर पैसे गेल्यावर उरलेल्यात जेमतेम ४० चौरस मीटरचं घर निघत होतं. अरावेना यांनी इथे प्रश्नच फिरवला. बेताच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला ८० चौरस मीटर बरे पडतात. मग आपण ४० मीटरचं लहान घर बांधतोय असं समजायचं की ८० मीटरच्या चांगल्या घराचा अर्धा भाग? अर्धा भाग, असं म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न आपोआप येतो: कोणता अर्धा? उत्तर असं निघालं की कुटुंबाला स्वतःच्या बळावर जे कधीच नीट जमणार नाही ते आपण करायचं. भूकंपात टिकणारा सांगाडा, दोन घरांमधली पक्की भिंत, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन. शेजारी तेवढीच मोकळी जागा सोडायची, वर आणि दोन्ही बाजूंना आधार तयार. तिथे खोली भरायची ती लोकांनी, जमेल तेव्हा, जमेल तशी.

यातला न्हाणीघराचा तपशील मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पैसे एकाच गोष्टीला पुरत होते, पाणी तापवायचा गीझर किंवा आंघोळीचा टब. अधिकाऱ्यांना गीझर हीच उघड गरज वाटत होती. कुटुंबांनी टब मागितला. गीझर मिळाला असता तरी तो पेटवायला लागणाऱ्या गॅसचं बिल पहिल्या महिन्यात कोण भरणार होतं? गीझर पुढेमागे घेता येतो, टबाची जागा आणि जोडणी मात्र आधीच करून घ्यावी लागते. बाहेरच्या माणसाला चैन वाटली ती आतल्या माणसाच्या हिशेबात अगदी रास्त होती. हे टेबलाशी बसून कळत नाही, विचारावं लागतं.

या पद्धतीवर टीका झाली आहे आणि ती सोडून देण्यासारखी नाही. उरलेलं अर्धं घर गरिबाच्याच अंगावर टाकून सरकार हात झटकतं, असा आक्षेप आहे. काही वाढीव खोल्यांचं काम कच्चं झालं हेही खरं. पण दुसरा पर्याय गावाबाहेरच्या, पूर्ण बांधलेल्या पण डबीएवढ्या घराचा होता, आणि माझं मत अजूनही इकीकेच्या बाजूने आहे. अरावेना यांना २०१६ मध्ये प्रित्झकर हे आर्किटेक्चरमधलं सर्वांत मानाचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी एलेमेंतालने अशा चार प्रकल्पांचे आराखडे सगळ्यांना मोफत खुले केले.

हाच विचार आपल्या शेजारी, इंदूरमध्ये, त्याच्या वीसेक वर्षं आधी झाला होता. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ चा, पुण्याचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. इंदूर विकास प्राधिकरणासाठी त्यांनी अरण्य ही वसाहत आखली. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, आणि त्यांतले बहुतांश अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. आखणीआधी दोशींच्या संस्थेने कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठासोबत इंदूरच्या झोपडवस्त्यांचा अभ्यास केला. साफ करायची घाण म्हणून त्यांनी वस्त्यांकडे पाहिलं नाही, माणसं तिथे कशी राहतात ते मोजलं. दारासमोरचा ओटा किती रुंद, झाडाखाली कोण बसतं, घराच्या दर्शनी भागात पानपट्टी किंवा शिलाई मशीन कसं बसतं, गल्लीत पोरं कुठे खेळतात.

अरण्यमध्ये सर्वांत लहान प्लॉट सुमारे ३५ चौरस मीटरचा. गरिबांच्या प्लॉटवर जोतं, संडास-न्हाणीचा गाभा आणि फार तर एखादी खोली एवढंच तयार. न्हाण्या पाठीला पाठ लावून गटाने ठेवल्या, म्हणजे पाइप कमी लागतात. हमरस्त्यालगतचे मोठे प्लॉट बाजारभावाने विकले आणि त्या पैशातून लहान प्लॉट स्वस्त ठेवले. घर कसं कसं वाढू शकतं हे दाखवायला ८० नमुन्याची घरं बांधली. कोणी वर खोली चढवली, कोणी समोर दुकान काढलं. १९९५ मध्ये या कामाला आर्किटेक्चरचा आगा खान पुरस्कार मिळाला, आणि २०१८ मध्ये दोशी प्रित्झकर मिळवणारे पहिले भारतीय ठरले. मला पुरस्कारांपेक्षा ओटा मोजणारी टेप महत्त्वाची वाटते.

किल्लारीनंतर

मोल एकाच मापाने मोजलं की काय होतं, हे महाराष्ट्राने स्वतःच्या अंगावर पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर फूटभर मातीचं माळवद. झोपलेल्या माणसांवर ते सगळं कोसळलं. त्यानंतर लोकांना दगडाची भीती बसली, ती अगदी साहजिक होती.

लातूर-उस्मानाबाद पट्ट्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घराचं क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरलं: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. रस्ते सरळ आणि रुंद, प्लॉट ओळीने. भूकंपात घर पडू नये हे माप पक्कं होतं आणि ते पुरंही झालं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं, इतक्या कमी वेळात इतकी घरं उभी करणं सोपं नव्हतं. पण बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, धान्य कुठे ठेवायचं, सरपणाची चूल कुठे मांडायची, ही मापं आराखड्यात नव्हती. भावकीची आळी विखुरली. गावं इतकी पसरली की पूर्वी ओसरीवरून हाक मारली की येणारा शेजारी आता दोन रस्ते ओलांडून यायला लागला. अनेकांनी काँक्रीटच्या घरापुढे पत्र्याची शेड टाकली आणि दिवस तिथे घालवू लागले.

त्याच पुनर्वसनाचा दुसरा भाग कमी बोलला जातो. जिथे पडझड कमी होती तिथल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण जागच्या जागी झालं. पैसे घरमालकाच्या हाती, तांत्रिक सल्ला इंजिनिअरचा, आणि गावोगावी संवाद सहायक म्हणून बायका नेमलेल्या. कामं साधी होती. माळवदावरची जादा माती उतरवायची. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपे आधार द्यायचे. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब दगड आरपार घालायचे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. घर आडवं होणार नाही, आणि ते आपलंच घर राहील. सुरक्षितता आणि ओसरी यांतलं एकच निवडा, असं तिथे कोणाला सांगावं लागलं नाही. माझ्या मते महाराष्ट्रात मोलाला धरून झालेलं सर्वांत मोठं काम हेच आहे, आणि आर्किटेक्चरच्या कॉलेजांत ते धडपणे शिकवलंही जात नाही.

एक पान

आता माझ्या ऑफिसात पहिल्या मीटिंगला प्लॅन काढला जात नाही. एक पान लिहिलं जातं, घरातल्या सगळ्यांच्या सह्यांसकट. घरात कोण कोण आहे, दहा वर्षांनी कोण असेल. कोण किती वाजता उठतं. कोणत्या कामाला किती वेळ जातो आणि ते कुठे बसून होतं. पाहुणे वर्षातून किती दिवस राहतात, कारण चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी कायमची बेडरूम बांधणारी घरं मी फार पाहिली. खर्चाचा वरचा आकडा त्याच पानावर, आणि वेळ आली तर सर्वांत शेवटी काय सोडाल तेही. माझी फी मी आता टक्केवारीत न घेता ठरावीक रकमेत घेते आणि तीही तिथेच लिहून टाकते. घरातल्या बायका पहिल्या मीटिंगला हव्यातच, असा आग्रह धरते. त्या चहा ठेवायला उठल्या तर त्या परत येईपर्यंत पुढचा विषय काढत नाही.

ऑफिसच्या कोपऱ्यात प्लायवूडचे दोन लहान जिने ठेवले आहेत, तीन-तीन पायऱ्यांचे. एक सहा इंचांचा, एक साडेसात इंचांचा. येणाऱ्या कुटुंबातल्या सर्वांत वयस्क माणसाला मी दोन्हींवर चढून बघायला सांगते.

गेल्या उन्हाळ्यात बार्शीकडचं एक कुटुंब आलं होतं. आजी दोन्ही जिने चढल्या, उतरल्या. नातवाने लगेच हिशेब मांडला, हॉल वीस इंच कमी करू. मी सवयीने विचारलं, ‘आजी, तुम्हाला वर कशाला जायचं असतं?’

‘वाळवण घालायला. दुसरं काय?’

‘आणि वाळवण खालीच घालता आलं तर?’

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, उत्तर दिशा कुठे ते विचारून घेतलं आणि परसदाराच्या बाहेर बोट ठेवलं. ‘इथं मार्चापासून दिवसभर ऊन असतं. इथं मला कमरेएवढा कट्टा करून द्या, वर जाळीचं झाकण. वाकायला नको, कोंबड्यांची राखण नको.’ मग नातवाकडे वळून म्हणाल्या, ‘जिना तुमचा तुम्हाला पाहिजे तसा करा.’

कट्टा आठ फूट बाय चार फुटांचा झाला, वर गुळगुळीत कडप्पा, एका अंगाला पाणी निथळायला किंचित उतार. जिना साडेसात इंचांचाच आहे.